पाच पॉइंटवर तीन इस्पिक? हो, आणि लगेच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतलं ब्रिजचं सदर मी नेमाने वाचते, चांगले डाव कापून ठेवते आणि माझ्याकडे ब्रिज शिकायला येणाऱ्यांना वाचायलाही देते, त्यामुळे तिथे जे छापून येतं त्याचा परिणाम मला समोर दिसतो. गेल्या रविवारच्या डावाखाली एक वाक्य होतं, "पाच पॉइंटवर दोन इस्पिक हेच पुष्कळ झालं" (पॉइंट म्हणजे एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १ अशी मोठ्या पानांची मोजणी), आणि ते वाचून दोन-तीन जणांनी मला लगेच विचारलं की मग तुम्ही आम्हाला उलटं का सांगता. त्यांना जे उत्तर दिलं तेच जरा सविस्तर लिहितेय, छापलंत तर बाकीच्या वाचकांनाही उपयोग होईल.

ज्यांनी पुरवणी ठेवली नसेल त्यांच्यासाठी डाव परत सांगते. उत्तर-दक्षिण एक जोडी, पूर्व-पश्चिम दुसरी. कोणीच व्हल्नरेबल (म्हणजे दंड आणि बक्षीस दोन्ही जास्त असलेलं) नाही. पश्चिमेने एक बदाम ओपन केलं (पहिली बोली), उत्तरेने एक इस्पिक ओव्हरकॉल केला (समोरच्यांच्या बोलीवर आपली बोली), पूर्वेने दोन बदामचा रेझ दिला (पार्टनरची सूट वाढवली) आणि दक्षिणेकडे ही पानं होती: इस्पिक एक्का-९-७-४, बदाम ६-३-२, चौकट गुलाम-१०-५-२, किलवर १०-४. दक्षिण दोन इस्पिक बोलली, पश्चिम तीन बदाम बोलली, मग तिघांचे पास. सदरातला बाकीचा सगळा मजकूर पश्चिमेने ते तीन बदाम कसे खेळले यावर होता. खेळ सुंदर समजावलाय, त्याबद्दल तक्रार नाहीच. पण माझ्या मते हा डाव पहिलं पान टेबलावर पडायच्या आधीच, दक्षिणेच्या त्या एका बोलीत हरला गेला होता, आणि त्याबद्दल सदरात एकच ओळ होती आणि ती पण चुकीची.

दक्षिणेने तिथे थेट तीन इस्पिक बोलायला हवं होतं, मध्ये न थांबता.

आता का ते. उत्तरेच्या ओव्हरकॉलमध्ये इस्पिकची किमान पाच पानं असतात हे सगळेच धरून चालतात, दक्षिणेकडे चार, म्हणजे नऊ हुकूम पक्के. आणि नऊ हुकूम असले की पॉइंट अर्धे-अर्धे वाटले गेलेत असं दिसत असताना नऊ हातांच्या पातळीपर्यंत, म्हणजे तीनपर्यंत, जायचं (बोलीचा आकडा अधिक सहा एवढे हात करायचे असतात). हे काही माझ्या मनातलं नाही, झाँ-रेने व्हर्न नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने १९६९ साली एका अमेरिकन ब्रिज मासिकात यामागचं तत्त्व मांडलं आणि पुढे मार्टी बर्गन आणि लॅरी कोहेन या जोडीने ते जगभर पोचवलं. तत्त्व असं की आपल्या सगळ्यात लांब सूटमधली आपली दोघांची पानं अधिक त्यांच्या सगळ्यात लांब सूटमधली त्यांची पानं, ही बेरीज साधारणपणे एकूण हातांएवढी येते, एकूण हात म्हणजे आपण आपल्या हुकमावर खेळलो तर आपल्याला मिळणारे अधिक ते त्यांच्या हुकमावर खेळले तर त्यांना मिळणारे. ऐकायला विचित्र वाटतं, पण याच डावावर करून बघा.

उत्तर: इस्पिक राजा-राणी-८-५-३, बदाम ७, चौकट एक्का-राणी-६, किलवर राणी-गुलाम-८-५. पश्चिम: इस्पिक २, बदाम एक्का-राजा-गुलाम-९-५, चौकट ९-७-३, किलवर एक्का-९-६-२. पूर्व: इस्पिक गुलाम-१०-६, बदाम राणी-१०-८-४, चौकट राजा-८-४, किलवर राजा-७-३. नऊ इस्पिक आणि नऊ बदाम, बेरीज १८. पश्चिम बदामवर खेळली तर तिचा इस्पिकमध्ये एक हात जातो, किलवरमध्ये एक, आणि चौकटमध्ये दोन कारण पूर्वेचा राजा उत्तरेच्या एक्का-राणीच्या मागे बसलाय आणि तो एक हात करतो. नऊ हात. उत्तर इस्पिकवर खेळली तर बदाममध्ये एक जातो, किलवरमध्ये दोन, आणि चौकटचा फिनेस (राजा पश्चिमेकडे असेल या आशेने राणी लावणं) फसतो म्हणून एक. परत नऊ. नऊ आणि नऊ अठरा.

आता चौकटचा राजा पूर्वेकडून काढून पश्चिमेला द्या आणि बदल्यात पश्चिमेची चौकटची नव्वी पूर्वेला द्या, बाकी काही हलवू नका. इस्पिकवर फिनेस चालतो, चौकटमध्ये काहीच जात नाही, दहा हात. बदामवर तोच राजा आता मेलेला, दक्षिणेने इस्पिकच्या एक्क्याने हात घेऊन चौकटचा गुलाम खेळला की चौकटमध्ये तीन जातात, म्हणून आठ हात. दहा आणि आठ, परत अठरा! राजा कुठे आहे हे बोली चालू असताना कोणालाच माहीत नसतं, पण त्याने फक्त हात इकडून तिकडे जातो, बेरीज जागच्या जागी राहते. शिकणाऱ्यांना हे एकदा पत्ते मांडून दाखवलं ना की त्यांचा चेहरा बदलतो, कारण तोपर्यंत त्यांना वाटत असतं की स्पर्धेतली बोली म्हणजे नुसता अंदाज.

म्हणून सदरात जे पाच पॉइंट मोजले ते दक्षिणेच्या निर्णयात मुळात दुय्यम आहेत. पॉइंट मोजून आपण ठरवतो की डाव कोणाचा, गेम (मोठ्या बक्षिसाची बोली) आहे का, स्लॅम (बारा-तेरा हातांची बोली) आहे का. पण एकदा दोन्ही बाजूंना फिट (जोडीची मिळून आठ किंवा जास्त पानं असलेली सूट) सापडला आणि गेमचा प्रश्न दिसत नाही असं झालं की प्रश्न बदलतो, आता प्रश्न असतो की कुठल्या पातळीपर्यंत भांडायचं, आणि त्याचं उत्तर हुकमांच्या संख्येत आहे. ही तीन इस्पिकची उडी ताकद दाखवणारी बोली नाही, बहुतेक जोड्या तिथे चांगली पानं असतील तर तीन बदाम, म्हणजे त्यांच्याच सूटची बोली, असं करून ते वेगळं सांगतात, त्यामुळे उत्तरेचा गैरसमज व्हायचं कारण नाही. (ही समजूत मात्र पार्टनरशी आधी झालेली हवी, नाहीतर १४ पॉइंटवर उत्तर आनंदाने चार इस्पिक बोलून बसेल.)

आणि "लगेच" यावर माझा एवढा जोर का तेही सांगते. दक्षिण आधी दोन इस्पिक बोलली आणि तीन बदाम आल्यावर तीन इस्पिक बोलली तर शेवटी पोचली तिथेच ना, मग फरक काय, असं विचारतात. फरक मोठा आहे. दोन इस्पिकनंतर पश्चिमेला तीन बदाम बोलायला जागा मिळाली, ती फुकट मिळाली, आणि पूर्वेलाही आणखी काही सांगायची संधी मिळाली, दोघांनी एकमेकांना सांगून झालं. थेट तीन इस्पिक आलं असतं तर पश्चिमेला १२ पॉइंट आणि इस्पिकचं एकच पान घेऊन तिथल्या तिथे ठरवावं लागलं असतं की चार बदाम बोलायचं की सोडून द्यायचं. चार बोलली तर या डावात एक हात कमी पडतो, आपल्याला ५० मिळतात. सोडून दिलं तर आपले तीन इस्पिक बनतात, १४०. आणि ती तीनवर थांबूच शकत नाही, ती पायरीच आपण काढून घेतलेली असते. स्पर्धेच्या बोलीत समोरच्याला चुकायला भाग पाडणं हा अर्धा खेळ आहे आणि जो हळूहळू पायरी-पायरीने चढतो तो समोरच्याला कधीच चुकायला लावत नाही.

दुसरं म्हणजे पार्टनर. दोन इस्पिक म्हणजे तीन पानं, तीन इस्पिक म्हणजे चार, हे ठरलेलं असेल तर उत्तरेला पहिल्याच फेरीत कळतं की आपले हुकूम नऊ आहेत, आणि पुढे चार बदाम आले तर तिला मोजून ठरवता येतं. गेल्या रविवारच्या डावात उत्तर तीन बदामवर गप्प बसली यात तिची काही चूक नाही, तिच्या माहितीप्रमाणे हुकूम आठच होते आणि आठ हुकमांवर तीनला तीन म्हणायचं नसतं. तिला चुकीची माहिती दक्षिणेने दिली होती.

मात्र एकदा तीन इस्पिक बोलून झालं की दक्षिणेचं काम संपलं. हे शिकवायला सगळ्यात अवघड जातं. चार बदाम आले की परत हात शिवशिवतात, वाटतं आपले चार हुकूम आहेत, एक्का आहे, अजून एकदा बोलू. नाही बोलायचं. जे होतं ते सगळं आपण सांगून टाकलंय, त्यात नवीन काही आलेलं नाही, आता पार्टनरला आपली पानं माहीत आहेत आणि आपल्याला तिची नाहीत, तेव्हा निर्णय तिचा. एकाच पानांवर दोनदा बोली देणारा भिडू असेल तर समोर बसलेल्याला काही सुचेनासं होतं.

आता पैशाच्या भाषेत, म्हणजे स्कोअरच्या. तीन बदाम बनले तर त्यांना १४०. आपण तीन इस्पिकमध्ये एक हात कमी पडलो तर नॉन-व्हल्नरेबल ५० जातात, दोन कमी पडलो तर १००, दोन्ही १४० पेक्षा स्वस्त. त्यांनी डबल केलं (तुम्ही पडाल असं म्हणून दंड वाढवला) आणि एक हात कमी पडला तरी १००च, अजूनही फायदा. डबल आणि दोन हात कमी, ३००, तिथे मात्र तोटा. व्हल्नरेबल असलो तर हेच आकडे १००, २००, आणि डबलला २०० आणि ५००. जोड्यांच्या स्पर्धेत त्या २०० ला सगळे का घाबरतात तर पार्टस्कोअरचा (गेमपेक्षा खालच्या बोलीचा) कुठलाही नेहमीचा आकडा त्याच्या खाली असतो, २०० दिले म्हणजे जवळजवळ तळाला गेलात. त्यामुळे नऊ हुकूम असले तरी आपण व्हल्नरेबल आणि ते नाहीत अशा वेळी मी स्वतः पानं परत एकदा नीट बघते. टीमच्या सामन्यात चित्र जरा वेगळं, तिथे एका टेबलावर आपण तीन इस्पिक बनवले आणि तोच डाव दुसऱ्या टेबलावर खेळताना आपल्याच टीमने तीन बदाम बनवले तर दोन्हीकडून १४०, एकूण २८०, म्हणजे ७ इम्प (टीमच्या सामन्यातले गुण). दोन पार्टस्कोअरमधून सात इम्प! लोक गेम-स्लॅमच्या गोष्टी सांगतात पण सामने असल्या डावांवर फिरतात.

सदर लिहिणाऱ्यांना न्याय द्यायचा तर हेही मान्य करायला हवं की हे तत्त्व देवाची रेघ नाही. माइक लॉरेन्स आणि स्वीडनचे अँडर्स विरग्रेन यांनी २००४ मध्ये त्यावर अख्खं पुस्तक लिहून दाखवलंय की बेरीज बऱ्याच डावांत एक-दोन हातांनी चुकते आणि खरा फरक छोट्या सूट आणि कामाची पानं यांनी पडतो. मला त्यांचं म्हणणं पटतं, पण मी त्यातून हुकूम मोजणं सोडत नाही, मी मोजते आणि मग दुरुस्ती करते. दुरुस्ती कशी तर पहिलं बघायचं आपली चित्रं कुठे आहेत. समजा याच दक्षिणेकडे इस्पिकचा एक्का नसता, इस्पिक ९-७-४-२ असते आणि बदाममध्ये राणी-गुलाम-३. पॉइंट चार, पण ती बदामची राणी-गुलाम आपल्या हुकमावर खेळताना कचरा आहे आणि त्यांच्या हुकमावर एखादा हात अडवू शकते. असल्या पानांवर बेरीज कमी येते, तिथे मी दोन इस्पिक बोलून गप्प बसेन. उलट एक्का इस्पिकमध्येच आहे, बदाममध्ये तीन फालतू पानं आहेत, म्हणजे जे आहे ते आपल्या कामाचं आणि त्यांच्या सूटमध्ये काहीच वाया नाही, हा नमुनाच तीन इस्पिकचा.

दुसरी दुरुस्ती आकाराची. पानं ४-३-३-३ असतील तर चार हुकूम असूनही एक पायरी खाली राहायला माझी हरकत नसते, कारण पार्टनरचं काही कापायला जागाच नाही. इथे किलवरची दोनच पानं आहेत आणि चौकटमध्ये गुलाम-१०, पार्टनरचं काही तिथे असेल तर सोनं. आणि तिसरी, दोन्ही बाजूंना दुसरा फिट पण असेल, म्हणजे आपले इस्पिक आणि चौकट दोन्ही लांब आणि त्यांचे बदाम आणि किलवर, तर हात बेरजेपेक्षा जास्त निघतात आणि तिथे भांडण एक पायरी वर नेलं तरी चालतं.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे आणि नवीन शिकलेले इथे जास्त मार खातात. दोन्हीकडे आठ-आठच हुकूम असतील, बेरीज १६, ते तीन बदामवर पोचलेत आणि आपण तीन इस्पिकचा विचार करतोय. त्यांना आठ हात मिळणार असतील तर आपल्यालाही आठच, म्हणजे त्यांचा पडणारा डाव सोडून आपण स्वतः पडलो. त्यांना नऊ असतील तर आपल्याला सात, डबल बसला की ३००. आपल्याला नऊ असतील तर ते सातवर आहेत, दोन हात कमी पडून आपल्याला नाहीतरी १०० देणारच होते. बोलून फायदा फार थोडा, नुकसान पुष्कळ. त्यांना दोनवरून तीनवर ढकललं ना, तिथे आपलं काम झालं, आता पास. दोन बदाम, पास, पास असं आलं की मात्र उठायचं, तिथे दोनवर त्यांना आरामात झोपू द्यायचं नाही, आपला कुठेतरी आठ पानांचा फिट बहुतेक वेळा असतोच.

पाचच्या पातळीबद्दल थोडक्यात. आपण चार इस्पिक, त्यांनी पाच बदाम, तर पाच इस्पिक बोलायला फार ठोस कारण हवं, असामान्य आकार, त्यांच्या सूटमध्ये एकही पान नसणं असं काहीतरी. नाहीतर डबल किंवा पास, आणि जुने खेळाडू पाचची पातळी समोरच्यांची म्हणतात ते बरोबर आहे.

एक गोष्ट मात्र सदरात कधीच येत नाही आणि ती यायला हवी, ती म्हणजे बोलीची गती. वरच्याच डावात समजा दोन बदामनंतर दक्षिण बराच वेळ विचार करत बसली आणि मग दोन इस्पिक बोलली. उत्तरेला कळलं की हिच्याकडे काहीतरी जास्त आहे, तीन बोलू की दोन असा विचार चाललाय. मग तीन बदाम आल्यावर उत्तर तीन इस्पिक बोलली तर ते चालत नाही. पार्टनरच्या थांबण्यातून जे सुचलं ते वापरायला ब्रिजचे नियम सरळ मनाई करतात, नियम १६ याचसाठी आहे, आणि पास हा तितकाच समंजस पर्याय असेल तर डायरेक्टर (स्पर्धेचा पंच) स्कोअर बदलून देऊ शकतो. विचार करणं हा गुन्हा नाही, प्रत्येकाला विचार करायचा हक्क आहे, पण त्या विचाराचं ओझं पार्टनरवर पडतं. म्हणून मी शिकवताना सांगते की पार्टनरने ओव्हरकॉल केला त्याच क्षणी मोजायला लागा, पूर्व बोलायच्या आधीच ठरवून ठेवा की दोन बदाम आले तर काय, तीन आले तर काय, डबल आला तर काय. तुमची पाळी येईपर्यंत उत्तर तयार असतं, सगळ्या बोली एकाच गतीने येतात आणि कोणाला संशय घ्यायला जागा राहत नाही. हुकूम मोजायची सवय लागली की हे जमतं कारण मोजायला दोन सेकंद लागतात, पॉइंटवर घासाघीस करत बसलात की पंधरा.

संपादक महाशय, माझी विनंती एवढीच आहे की सदरात अधूनमधून नुसत्या बोलीचा डाव द्या. आधी एकाच खेळाडूची पानं, कोण व्हल्नरेबल, जोड्यांची स्पर्धा की टीमची, आणि इथपर्यंतची बोली, एवढंच छापा आणि उत्तर पुढच्या आठवड्यात द्या, म्हणजे वाचक स्वतः डोकं लावतील आणि चारही बाजूंची पानं दिसल्यावर शहाणपण सांगणं थांबेल. "पाच पॉइंटवर पुष्कळ झालं" या वाक्याची दुरुस्तीही आली तर बरं, नवीन माणसं छापलेलं खरं धरतात आणि एकदा गप्प बसायची सवय लागली की मोडत नाही हे मी रोज बघते. आणि सुरुवात हवी असेल तर हाच डाव दोन्ही बाजू व्हल्नरेबल धरून परत छापा, प्रश्न उत्तरेला विचारा: आपण एक इस्पिक बोललो, पार्टनर थेट तीन इस्पिक बोलली, पश्चिम चार बदाम बोलली, आता आपल्या १४ पॉइंटवर पास, डबल की चार इस्पिक? माझं मत डबलकडे झुकतं, पण माझ्याकडे येणाऱ्यांपैकी दोघं चार इस्पिकवर ठाम आहेत आणि त्यांच्याकडे कारणं आहेत.

आपली,
एक नियमित वाचक